नव्या संघातला जुना गडी : जिम बाऊटनचं ‘बॉल फोर’



आज ज्या पुस्तकाबद्दल बोलायचं आहे त्याचं नाव ‘बॉल फोर’. लेखक जिम बाऊटन, प्रकाशन १९७० सालचं. विषय बेसबॉल. म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांनी जो खेळ फक्त सिनेमात पाहिला आहे, त्या खेळातल्या एका दुय्यम गड्याची एका हंगामाची रोजनिशी. सगळं आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलेल्या माणसानं या पुस्तकाच्या वाटेला का जावं, असं कोणाच्या मनात आलं असेल तर त्याचं उत्तर आधीच देऊन टाकतो. माणूस एखाद्या गटाचा ‘आपला’ केव्हा होतो? आणि त्याला कधीही विकून टाकायची मोकळीक गटानं स्वतःकडे ठेवली असेल, तर त्याच्याकडून निष्ठा मागण्याचा हक्क गटाला उरतो का? हे दोन प्रश्न मला या पुस्तकात जितके स्वच्छ दिसले तितके नीतिशास्त्राच्या पुष्कळ ग्रंथांत दिसले नाहीत. गंमत अशी की बाऊटन हे प्रश्न कुठे विचारतच नाही. तो फक्त आज कोण काय बोललं, कोण खेळलं, कोणाला घरी पाठवलं, ते सांगत जातो. प्रश्न आपण काढायचे.

आधी खेळाबद्दल दोन गोष्टी सांगतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

क्रिकेटमध्ये गोलंदाज षटक संपलं की सीमारेषेजवळ जाऊन उभा राहतो आणि कप्तानानं हाक मारली की पुन्हा चेंडू हातात घेतो. बेसबॉलमध्ये चेंडू टाकणाऱ्याला पिचर म्हणतात, आणि तो एकटाच टाकत राहतो. दमेपर्यंत, किंवा फटके बसायला लागेपर्यंत. मग मॅनेजर मैदानात येतो, त्याच्या हातातून चेंडू काढून घेतो आणि दुसऱ्याला बोलावतो. जो गेला तो गेला. त्या सामन्यात त्याला परत येता येत नाही. नंतर येणारा जो, तो रिलीफ पिचर. हे रिलीफ पिचर ज्या जागेत बसून वाट पाहतात तिला बुलपेन म्हणतात. ती जागा बहुतेक ठिकाणी मैदानाच्या पार कडेला किंवा कुंपणापलीकडे असते. तिथे एक फोन असतो. फोन वाजला की कोणीतरी एक उठतो आणि हात गरम करायला लागतो. कित्येकदा हात गरम होतो आणि बोलावणं येतच नाही. मग पुन्हा बसायचं.

आज रिलीफ पिचरना मान आहे, पैसाही आहे. १९६९ साली तसं नव्हतं. जो सुरुवातीपासून टाकण्याच्या योग्यतेचा उरला नाही, किंवा अजून झाला नाही, त्याला बुलपेनमध्ये बसवायचं अशी साधारण समजूत होती. संघाची आघाडी शेवटपर्यंत टिकवणाऱ्या रिलीफ पिचरच्या नावावर ‘सेव्ह’ नावाचा आकडा मांडतात. तो अधिकृत नोंदीत आला तोच मुळी १९६९ साली. म्हणजे बाऊटन ज्या हंगामाची डायरी लिहितो आहे त्या हंगामापर्यंत या लोकांच्या खास कामगिरीला हिशेबाच्या वहीत स्वतःचा रकानासुद्धा नव्हता.

आता बाऊटन. जन्म १९३९ चा. न्यूयॉर्क यँकीज या सगळ्यांत बलाढ्य संघाकडून खेळणारा. १९६३ साली २१ सामने जिंकले, १९६४ साली १८, आणि त्याच वर्षी वर्ल्ड सीरिजमध्ये आणखी दोन. चेंडू इतक्या जोरानं टाकायचा की डोक्यावरची टोपी खाली पडायची. त्याची ती ओळखच झाली होती. पुढच्या वर्षी हात दुखावला. १९६५ साली चार विजय आणि पंधरा पराभव. मग घसरण सुरू झाली ती थांबली नाही. १९६८ साली यँकीजनी त्याला सिॲटलला विकून टाकला. तिथे मोठ्या लीगचा संघ अजून जन्माला यायचा होता; तो येईपर्यंत त्यानं खालच्या लीगमध्ये खेळायचं होतं.

वेग गेलेल्या पिचरला उरतो एक उपाय. त्याला नकलबॉल म्हणतात. बोटांच्या टोकांत चेंडू धरायचा आणि तो जवळजवळ फिरणारच नाही असा सोडायचा. फिरत नसल्यामुळे त्याच्या शिवणीवरून जाणारी हवा त्याला वाटेल तसा ढकलते. नेहमीचा जलद चेंडू तासाला १४५ किलोमीटरच्या आसपास जातो. हा शंभर-एकशेदहाच्या वेगानं डुलत डुलत येतो. तो कुठे जाईल हे बॅटरला कळत नाही, झेलणाऱ्या कॅचरला कळत नाही, आणि टाकणाऱ्यालाही कळत नाही. त्यामुळे प्रशिक्षकांचा त्याच्यावर भरवसा नसतो आणि कॅचरना तो नकोसा असतो. रोजच्या सरावासाठी आपला चेंडू झेलायला कोणीतरी तयार व्हावं म्हणून बाऊटन हंगामभर माणसं शोधत फिरतो. मला हा पुस्तकातला सगळ्यांत बोलका तपशील वाटतो. मैदानावर अपयशी होणं वेगळं. पण ज्याचा चेंडू सवंगड्यांना झेलायचाच नाही, तो संघात असून कितीसा संघात असतो?

इंग्रजीत अशा खेळाडूला ‘जर्नीमन’ म्हणतात. ऐकणाऱ्याला वाटतं, जर्नी म्हणजे प्रवास, म्हणून गावोगाव फिरणारा. मूळ अर्थ तो नाही. फ्रेंचमध्ये ‘जुर्ने’ म्हणजे एक दिवस, एका दिवसाचं काम. युरोपातल्या कारागिरांच्या जुन्या संघटनांमध्ये उमेदवारी पूर्ण केलेला, काम उत्तम येणारा, पण स्वतःचं दुकान नसलेला आणि म्हणून दुसऱ्याकडे रोजानं राबणारा जो कारागीर, तो जर्नीमन. कौशल्य आहे, मालकी नाही. बेसबॉलमध्ये दोन्ही अर्थ एकत्र आले आहेत: रोजंदारीही आणि भटकंतीही. आपल्याकडे तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या प्राध्यापकांना हा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

आणि सिॲटल पायलट्स हा सबंध संघच अशा माणसांचा होता. १९६९ साली चार नवे संघ निघाले, त्यांतला हा एक. नव्या संघाला खेळाडू कुठून आणायचे? तर जुन्या संघांनी आपापले चांगले गडी राखून ठेवायचे आणि उरलेल्यांतून नव्यांनी निवडायचे. प्रत्येकी १,७५,००० डॉलर देऊन पायलट्सनी असे तीस जण घेतले. म्हणजे ज्यांना त्यांच्या घरच्यांनी ‘हा गेला तरी चालेल’ म्हणून बाजूला काढलं, अशांचं हे नवं घर. त्यांत टॉमी डेव्हिस होता. १९६२ आणि १९६३ अशी लागोपाठ दोन वर्षं नॅशनल लीगमधली सर्वोत्तम फलंदाजीची सरासरी याची होती. गॅरी बेल होता, मुरलेला पिचर, बाऊटनचा खोलीतला सोबती. स्टीव्ह होव्हली नावाचा दोस्तोएव्हस्की वाचणारा खेळाडू होता. माइक मार्शल होता. शरीराच्या हालचालींचं शास्त्र शिकलेला, स्वतःच्या पद्धतीनं चेंडू टाकू पाहणारा, आणि म्हणून प्रशिक्षकांशी न पटणारा. पाच वर्षांनी, १९७४ साली, हाच मार्शल एका हंगामात १०६ सामन्यांत खेळला आणि सर्वोत्तम पिचरचं साय यंग पारितोषिक मिळवणारा पहिला रिलीफ पिचर ठरला. लू पिनिएला नावाचा एक तरुण सरावापुरता संघात होता. हंगाम सुरू व्हायच्या आत त्याला कॅन्सस सिटीला देऊन टाकलं आणि तिकडे तो वर्षातला सर्वोत्तम नवा खेळाडू ठरला. माणसांची पारख या संघाला किती होती, ते यावरून समजा.

इथपर्यंत ओळख झाली. आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो.

‘बॉल फोर’ची ख्याती झाली ती गौप्यस्फोट म्हणून. खेळाडू दारू किती पितात, तरतरी यावी म्हणून हिरव्या गोळ्या कशा घेतात, बायकांकडे चोरून कसे पाहतात, मिकी मँटलसारखं दैवत आदल्या रात्रीच्या नशेत मैदानावर कसं येतं, सही मागणाऱ्या पोरांना कसं झिडकारतं, हे सगळं त्यात आहे. लोकांनी तेवढंच वाचलं. मला वाटतं ते पुस्तकाचं साल आहे. गर दुसरीकडे आहे. तो हाताशी लागावा म्हणून एक साधा प्रश्न विचारून बघू: ही डायरी रिलीफ पिचरनंच का लिहिली?

प्रश्न वाटतो तितका रिकामा नाही. बाऊटनच्या दहा वर्षं आधी, १९६० साली, ‘द लाँग सीझन’ नावाचं पुस्तक आलं होतं. तीही एका हंगामाची रोजनिशी. लेखक जिम ब्रॉस्नन. तोही रिलीफ पिचर. त्यालाही १९५९ च्या हंगामाच्या मध्यात सेंट लुइसनं सिनसिनाटीला देऊन टाकलेलं. (चष्मा लावायचा आणि पुस्तकं वाचायचा म्हणून सवंगडी त्याला ‘प्रोफेसर’ म्हणत, हे मी उगाच सांगत नाही.) बाऊटनलाही पायलट्सनी २४ ऑगस्ट १९६९ रोजी ह्यूस्टन ॲस्ट्रोजला देऊन टाकलं. म्हणजे खेळाडूनं स्वतः लिहिलेल्या बेसबॉलच्या दोन सगळ्यांत गाजलेल्या रोजनिशा दोन रिलीफ पिचरच्या, आणि दोघेही भर हंगामात घर बदललेले. हा योगायोग म्हणून सोडून द्यायला माझी तयारी नाही. मला याची तीन कारणं दिसतात.

पहिलं, वेळ. तारा खेळाडूकडे आठवणी असतात, पण निवांत वेळ नसतो. रिलीफ पिचरकडे वेळच वेळ असतो. १९६९ साली बाऊटन दोन्ही संघांकडून मिळून ७३ सामन्यांत मैदानात उतरला. ही संख्या मोठी आहे. पण मोठ्या लीगचा हंगाम १६२ सामन्यांचा असतो, आणि ज्या दिवशी उतरला त्या दिवशीही कित्येकदा एखाद-दुसऱ्या इनिंगपुरताच. बाकीचे तास बाकावर बसून गप्पा मारण्यात, ऐकण्यात, निरखण्यात गेले. तो कागदाच्या चिठोऱ्यांवर टिपणं करायचा, नंतर टेपवर बोलून ठेवायचा, आणि लेनर्ड शेक्टर हा पत्रकार त्याचं संपादन करायचा.

दुसरं, जागा. बुलपेनमधून खेळ दिसतो, पण लांबून आणि तिरका. तुम्ही संघाचेच असता, गणवेश तोच, आणि तरी संघापासून पाचशे पावलांवर बसलेले असता. गेओर्ग झिमेल या जर्मन विचारवंतानं १९०८ साली ‘परका’ या विषयावर एक छोटा निबंध लिहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की परका म्हणजे वाटसरू नव्हे. वाटसरू येतो आणि जातो. परका येतो आणि राहतो. पण मुळात तो इथला नाही, ही गोष्टही त्याच्याबरोबर राहते. जवळीक आणि अंतर त्याच्यात एकाच वेळी असतात. म्हणून त्याला गट जसा दिसतो तसा गटातल्यांना दिसत नाही, आणि म्हणूनच घरच्यांपाशी बोलता येत नाही ते लोक त्याच्यापाशी बोलतात. मला बाऊटन वाचताना झिमेलची फार आठवण झाली. फक्त एक भर घालावी लागते. झिमेलच्या परक्याला निदान राहता येतं. बाऊटनला उद्या इथे राहायला मिळेल की नाही हे त्याला माहीत नाही. हंगाम सुरू होऊन थोडेच दिवस झाले तेवढ्यात त्याला खालच्या लीगमध्ये व्हँकुव्हरला पाठवून दिलं. काही आठवड्यांत परत बोलावलं. ऑगस्टमध्ये देऊन टाकलं. परका, आणि तोही हंगामी.

यातून तिसरं कारण निघतं, आणि ते वाङ्मयप्रकाराबद्दलचं आहे. आत्मचरित्र लिहायला शेवट माहीत असावा लागतो. मोठे खेळाडू निवृत्त झाल्यावर लिहितात. सगळ्या घटना त्या एका यशाकडे चाललेल्या दिसतात. ज्याला उद्याची खात्री नाही तो असं कसं लिहिणार? तो आजचं आज लिहितो. मार्चमध्ये लिहिताना बाऊटनला ठाऊक नाही की ऑगस्टमध्ये तो इथे नसेल. जूनमध्ये गॅरी बेल दुसऱ्या संघाकडे जातो. आदल्या पानापर्यंत हसवणारा सोबती पुढच्या पानावर नाही. कादंबरीकारानं पात्राला असं मध्येच उठवलं असतं तर आपण त्याला दोष दिला असता. इथे दोष देता येत नाही, कारण मालकांनी उठवलं आहे. मला ही या पुस्तकाची खरी ताकद वाटते. रोजंदारीच्या माणसाची रोजनिशी! आशय आणि आकार इतके एकमेकांना चिकटलेले क्वचित बघायला मिळतात.

आणि विनोदाचंही तेच. जो शूल्ट्स हा पायलट्सचा मॅनेजर. त्याच्या भाषेत दोनच शिव्या, आणि जगातल्या सगळ्या भावना तो त्या दोन शिव्यांच्या जोडण्या करून व्यक्त करतो. सामना हरलो काय, जिंकलो काय, त्याचा शेवटचा सल्ला बिअरबद्दलचा. सॅल मॅग्ली हा पिचिंगचा प्रशिक्षक. लहानपणी बाऊटन न्यूयॉर्क जायंट्सचा चाहता होता आणि हा मॅग्ली त्याचा देव. आता देव रोज समोर आहे, आणि चेंडूला फटका बसल्यानंतर सांगतो की तो चेंडू टाकायलाच नको होता. बाऊटन त्याची खिल्ली उडवतो खरी, पण त्यामागे एक हळहळ आहे. हा विनोद वरून खाली पाहणाऱ्याचा नाही. ज्यांच्या हातात आपली भाकरी आहे त्यांना आपल्याहून फार जास्त कळत नाही, हे ज्याला रोज दिसतं आणि बोलता येत नाही, अशा माणसाचा आहे.

आता निष्ठेचा प्रश्न. पुस्तक आल्यावर काय झालं? बेसबॉलचे कमिशनर बोवी क्यून यांनी बाऊटनला बोलावून घेतलं आणि यातला मजकूर खरा नाही अशा निवेदनावर सही करायला सांगितलं. त्यानं केली नाही. डिक यंग या नामांकित स्तंभलेखकानं बाऊटन आणि शेक्टर दोघांनाही जणू वाळीत टाकण्याच्या लायकीचे ठरवलं. यँकीजनी जुन्या खेळाडूंच्या मेळाव्याला त्याला वर्षानुवर्षं बोलावलं नाही. बोलावणं आलं ते १९९८ साली, तेही त्याच्या मुलानं न्यूयॉर्क टाइम्समध्ये जाहीर लिहिल्यानंतर. आरोप सगळ्यांचा एकच होता: खोलीतली गोष्ट खोलीत राहिली पाहिजे. घरचं बाहेर सांगितलंस.

‘घरचं.’ या शब्दापाशी थांबू या.

त्या काळातल्या प्रत्येक खेळाडूच्या करारात राखीव कलम असायचं. त्याचा अर्थ असा की करार संपला तरी खेळाडू संघाचाच राहतो. त्याला दुसऱ्या कोणाशी बोलणी करता येत नाहीत. संघ मात्र त्याला विकू शकतो, बदलू शकतो, खाली पाठवू शकतो, काढून टाकू शकतो. १९६८ साली मार्विन मिलरच्या नेतृत्वाखाली खेळाडूंच्या संघटनेनं पहिला सामूहिक करार केला, तेव्हा किमान वार्षिक वेतन सहा हजारांवरून दहा हजार डॉलरवर गेलं. पण कलम होतं तिथेच. बाऊटनचा हंगाम संपता संपता, ऑक्टोबर १९६९ मध्ये, सेंट लुइसनं कर्ट फ्लड या खेळाडूला फिलाडेल्फियाला देऊन टाकलं, आणि फ्लडनं जायला नकार दिला. कमिशनरना पत्र लिहून त्यानं कळवलं की मी खरेदी-विक्रीची वस्तू नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९७२ साली पाच विरुद्ध तीन मतांनी फ्लड हरला. राखीव कलमाचा कणा मोडला तो १९७५ च्या डिसेंबरात, लवाद पीटर साइट्झ यांच्या निवाड्यानं.

मग सांगा, ज्या घरातून तुम्हाला न विचारता एका दुपारी काढून दुसऱ्या गावी पाठवता येतं, ते घर कसलं? ती नोकरी आहे. आणि नोकरीतल्या मालकाला घरपणाच्या नावानं मौन मागता येत नाही. निष्ठा ही दोन्ही बाजूंनी बांधणारी गोष्ट आहे. एकाच बाजूनं बांधत असेल तर तिला ताबेदारी म्हणावं. इथपर्यंत मी पूर्णपणे बाऊटनच्या बाजूचा आहे.

पण त्याचे समर्थक इथेच थांबतात, आणि मला थांबता येत नाही. कारण संघ म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक मालकांचा संघ, दुसरा सवंगड्यांचा. बाऊटनला विकलं मालकांनी. सवंगड्यांनी नाही. तेही त्याच्यासारखेच विकले जाणारे होते. त्यांनी त्याच्यासमोर जे बोललं ते मालकाचा माणूस समजून बोललं नाही. आपल्यातला समजून बोललं. त्या सगळ्यांची संमती घेऊन हे पुस्तक लिहिलेलं नाही. म्हणजे मालकांवरचं ऋण फिटलं म्हणून सवंगड्यांचंही फिटलं, असा हिशेब चालणार नाही. ही दोन खाती वेगळी ठेवली पाहिजेत.

मग दुसऱ्या खात्यात बाऊटननं काही भरलं का? माझ्या मते भरलं, पण अर्धंच. भरलं ते असं की त्यानं स्वतःला वगळलं नाही. दुसऱ्याची जागा गेली तर आपली टिकते, हा क्षुद्र हिशेब तो लपवत नाही. स्वतःची भीती, मॅनेजरच्या प्रत्येक वाक्याचा अर्थ लावत बसणं, एका चांगल्या इनिंगनंतर लगेच हवेत जाणं, सगळं मांडतो. जो स्वतःलाही त्याच तराजूत घालतो त्याला चुगलखोर म्हणता येत नाही. शिवाय सामान्य गड्यांबद्दल तो प्रेमानं लिहितो. बेल किंवा होव्हली यांना वाचक हसतो, पण त्यांना विसरत नाही.

न भरलेला अर्धा भाग बायकांचा. या पुस्तकात स्त्रिया आहेत त्या बहुधा खिडकीपलीकडे, नाहीतर खेळाडूंच्या वर, स्टँडमध्ये. पुरुषांचं त्यांच्याकडे चोरून पाहणं तो गमतीनं सांगतो; पाहिलं जाणाऱ्या बाईला काय वाटलं असेल हा प्रश्न त्याला पडत नाही. आणि तो पडायला हवा होता, कारण आपल्याला कोणीतरी वस्तूसारखं मोजतं आहे ही बोच त्याच्याइतकी कोणाला माहीत होती? दुसरी गोष्ट त्याहून मोठी. पिचरला विकतात तेव्हा तो बॅग भरतो आणि त्या रात्रीच्या विमानानं जातो. मागे भाड्याचं घर असतं, मुलं असतात, सामान असतं. ते कोण आवरतं? १९८३ साली बॉबी बाऊटन आणि नॅन्सी मार्शल या दोघींनी मिळून ‘होम गेम्स’ नावाचं पुस्तक काढलं. एक जिमची पूर्वीची पत्नी, दुसरी त्याच माइक मार्शलची. होम गेम म्हणजे घरच्या मैदानावरचा सामना. नावातच सगळं आलं. नवऱ्यांनी खोलीतलं बाहेर सांगितलं, बायकांनी घरातलं सांगितलं, आणि हक्क दोघांचा सारखाच. ‘बॉल फोर’ वाचणाऱ्यानं ‘होम गेम्स’ शेजारी ठेवावं असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. परक्याची नजर फार पाहते. पण तिलाही पाठ असते, आणि पाठीमागचं दुसऱ्या कोणीतरी सांगावं लागतं.

आता ह्यूस्टन. पुस्तकाचा हा शेवटचा भाग टीकाकार घाईनं ओलांडतात. मला तो महत्त्वाचा वाटतो, कारण इथे बाऊटन वर्षातून दुसऱ्यांदा ‘नवा’ होतो. संघ वेगळा, लीग वेगळी, आणि मुख्य म्हणजे हा संघ तेव्हा अव्वल स्थानाच्या शर्यतीत होता. शेवटी ८१ विजय, ८१ पराभव अशा बरोबरीवर अडकला, ते सोडा. पण पायलट्समध्ये सगळेच आगंतुक असल्यामुळे कोणी कोणाला आगंतुक म्हणायचं हा प्रश्नच नव्हता. ह्यूस्टनमध्ये आधीपासून जमलेली मंडळी आहेत. त्यांचं स्वतःचं एक वाह्यात गाणं आहे, त्यात मॅनेजरची टिंगल आहे. बाऊटनला ते गाणं आवडतं, तो ते टिपून घेतो. बघा, एखाद्या गटात शिरायचा खरा दरवाजा कुठे असतो! करारात नसतो, गणवेशात नसतो. ते कशाला हसतात हे कळणं आणि आपल्यालाही त्याच जागी हसू येणं, इथे असतो. काही दिवसांनी टॉमी डेव्हिसही सिॲटलहून तिथेच येऊन पोचतो. दोन वेळचा विक्रमवीर आणि बाऊटन, दोघे एकाच वर्षात दोनदा एकाच जागी नवे. काल आलेला आज आलेल्याला वाट दाखवतो. इतक्या लवकर माणूस ‘जुना’ होतो.

त्याचं पुढे काय झालं, ते दोन वाक्यांत. १९७० च्या हंगामात ह्यूस्टननं त्याला खालच्या लीगमध्ये पाठवलं आणि त्यानं खेळ सोडून दूरदर्शनवर बातम्या सांगायला सुरुवात केली. पण १९७८ साली, वयाच्या ३९ व्या वर्षी, तो अटलांटा ब्रेव्हजकडून पुन्हा मोठ्या लीगमध्ये उतरला आणि एक सामना जिंकला. एकच. आठ वर्षांनी परत येऊन पुन्हा नव्या संघात नवा गडी व्हायचं, हे पैशासाठी कोणी करत नाही. पुस्तकाचं शेवटचं वाक्य हाताची आणि चेंडूची पकड नेमकी कोणाची कोणावर, याबद्दल आहे. ते मी इथे सांगत नाही, तुम्ही तिथपर्यंत वाचत जा. एवढंच म्हणतो की मालकांबद्दल इतकं कडू लिहिणाऱ्या माणसाचं खेळावरचं प्रेम कुठेही कमी झालेलं नाही. संस्था आणि काम या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे त्याला कळलं होतं. आयुष्य संस्थांमध्ये काढलेल्या आपल्यासारख्या पुष्कळांना ते निवृत्तीनंतर कळतं.

आणि पायलट्स? १९६९ साली ६४ सामने जिंकले, ९८ हरले, आपल्या गटात शेवटचे आले. मैदान खालच्या लीगचं, अपुरं. हंगाम सुरू झाला तेव्हा त्याचं बांधकामही पूर्ण नव्हतं. संघ दिवाळखोरीत गेला आणि १९७० चा हंगाम सुरू व्हायला अवघे काही दिवस असताना मिलवॉकीला हलला, नावही बदललं. म्हणजे बाऊटनला ज्यांनी ‘तू आमचा नाहीस’ म्हणून बाहेर काढलं, ते स्वतःच एका हंगामाचे पाहुणे निघाले. ‘बॉल फोर’ दुकानात आलं तेव्हा सिॲटल पायलट्स नावाचा संघ जगात नव्हता. १९९५ साली न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयानं शतकातल्या निवडक पुस्तकांचं प्रदर्शन मांडलं, त्यात हे पुस्तक होतं. मालक गेले, मैदान पाडलं गेलं, बाऊटनही २०१९ साली गेला. त्या संघात कोण कसं बोलायचं, कशाला हसायचं, हरल्यावर बसमध्ये काय चालायचं, हे आज आपल्याला माहीत आहे ते एका विकल्या गेलेल्या रिलीफ पिचरनं चिठोऱ्यांवर लिहून ठेवलं म्हणून.

माझं बोलणं इथे संपवतो. पुस्तक इंग्रजीत सहज मिळतं, भाषा बोलीतली आहे. बेसबॉलचे नियम कळले नाहीत तरी अडू नका, पहिली पन्नास पानं नेटानं वाचा. आणि सवंगड्यांच्या खात्याबद्दल मी जे म्हटलं त्याबद्दल ज्यांचं मत वेगळं आहे, त्यांचे प्रश्न मला आधी ऐकायचे आहेत. बोला.